शाडूचे डोहाळे

पुतळीला ओल्या शाडूच्या वासाची शिसारी होती, आणि तिचा सगळा सासुरवास त्या वासातच गेला. पेणजवळच्या हमरापुरात घरोघरी गणपतीचे कारखाने. तिच्या घरी ओटी, पडवी, माजघर, जिथे पाहाल तिथे मूर्ती सुकत पडलेल्या. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी पुतळीच करायची. तिचा हात देखणा होता, तिने डोळे आखले की माती बघायला लागायची. पण माती मळायला घेतली की ती नाकाला पदर लावून परसात जायची.

"गणपतीच्या कारखान्यात आलीस, का अत्तराच्या दुकानात?" तिचा नवरा काळुराम टोमणा मारायचा.

त्याचं उत्तर घरात हिंडत होतं. सरू, तिची लेक. दहा वर्षांची झाली तरी सहाची दिसायची. नळावरून कळशी आणताना दोनदा टेकायची.

सरू पोटात असताना सासूने, धोंडुबाईने, सुनेचं खाणं तोडलं होतं. पोर पोटात वाढलं की बाळंतपण अडतं, हा त्या घरचा कायदा. सकाळी पातळ पेज, दुपारी पुरुष जेवून उठले की तळाला राहील ते. वाल बंद, मासळी बंद. भुकेने कळवळून पुतळीने एकदा गणपतीचा तुटका कान उचलला आणि चघळला. बरा लागला. मग रोजच. धोंडुबाईने पाहिलं आणि रागावायचं सोडून हात जोडले. "गणपतीच्या मातीचे डोहाळे गो! पोर नशीब घेऊन येतंय." त्यानंतर ती स्वतः वाटीत शाडू आणून द्यायची. भाताची वाटी मात्र कधी भरली नाही.

सरू जन्मली तेव्हा रडलीच नाही. मांजराच्या पिल्लासारखी हातात पडून राहिली. पुढे पेणच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही पोटात असताना काय खात होतीस?" पुतळी लाजून हसत म्हणाली, "माती." बाई हसल्या नाहीत. त्यांनी नीट समजावलं. अंगात रक्त कमी झालं की असली माती खावीशी वाटते, मातीने पोट भरतं पण रक्त आणखी आटतं, आणि पोटातलं पोर आईच्याच रक्तावर वाढतं. त्या दिवसापासून पुतळीला शाडूचा वास सहन होईना.

आणि आता शकूला दिवस गेले होते. शकू म्हणजे धाकट्या दिराची, जनूची बायको. रोह्याजवळच्या वरसे गावची, हसरी पोर. पाचव्या महिन्यातच तिचे ओठ पांढरे पडले. एका दुपारी पुतळीला तिच्या ओठाच्या कोपऱ्यात राखाडी डाग दिसला.

"काय खाल्लंस?"

"काय नाय, वयनी."

"जीभ काढ."

शकूने जीभ काढली. जिभेवर शाडूचा थर होता. पुतळीने नर्सबाईंनी दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्यांचं विचारलं, तर त्या धोंडुबाईने मोरीत टाकल्या होत्या. त्याने पोर काळं होतं म्हणे.

सातव्यात डोहाळजेवण निघालं. हिरवी साडी, फुलांचे गजरे, वरशाहून माहेरची माणसं, फोटोवाला. शकूसमोर ताट मांडलं: पुरणपोळी, वडे, वालाचं बिरडं, भात. आणि मधोमध चांदीच्या वाटीत धोंडुबाईने स्वतःच्या हाताने वळलेला मोदक. शाडूचा.

बाया कौतुकाने हसल्या. फोटो निघाला. शकूने पुरणपोळीचा एक तुकडा तोंडात घातला न घातला, तोच धोंडुबाईने ताट उचललं. "बास आता, पोटाला ताण नको." वाटी तेवढी शकूपुढे ठेवली. "हा खा. परसाद हाय."

शकूची नजर ताटामागे गेली, आणि हात वाटीकडे.

एवढे गजरे, एवढी गाणी, आणि पोटुशी बाई उपाशी! पुतळीने तो मोदक उचलला आणि सासूच्या तोंडाशी नेला.

"आत्या, परसाद हाय ना? पयला तुम्ही घ्या."

धोंडुबाईने ओठ घट्ट मिटले. मग मान फिरवून म्हणाली, "मी कशाला? माज्या पोटाला माती झेपायची नाय."

"तुमच्या पोटाला नाय झेपत. तिच्या पोटात तर आणखी एक पोट हाय."

वरशाची एक म्हातारी फसकन हसली. काळुराम दारातून ओरडला, "पुतळे, डोकं फिरलं काय तुजं?"

"फिरलं." पुतळीने मोदक मळलेल्या मातीच्या ढिगात भिरकावला. "आजपासून शकूचं ताट पयलं. नायतर यंदा डोळे तूच आख. नाय जमलं तर पाठव गणपती आंधळे."

काळुराम दारातून मागे सरला. अर्धा कारखाना डोळ्यांसाठी खोळंबला होता. पुतळीने सासूच्या हातातलं ताट काढून घेतलं, शकूपुढे ठेवलं आणि म्हणाली, "गिळ गो. भिऊ नको."

शकू रडत रडत जेवली. बिरडं दोनदा मागितलं.

त्यानंतर पुतळी पहारेकऱ्यासारखी तिच्या ताटाजवळ बसायची. नवीन गोळ्या आणल्या, त्या स्वतःच्या ट्रंकेत ठेवून रोज हाताने द्यायची. आठवड्यातून दोनदा कोळंबीचं कालवण. शकू लपून शाडू चाटताना एकदोनदा सापडली, तेव्हा पुतळीने तिला चूळ भरायला लावली, पण शिवी दिली नाही. तिला ती ओढ माहीत होती. धोंडुबाई घरभर बडबडत फिरायची, "अडंल तेव्हा कळंल!"

अडलं नाही. पेणच्या दवाखान्यात पुतळी दाराला कान लावून उभी होती. तिला मुलगा की मुलगी हे ऐकायचंच नव्हतं. तिला रडणं ऐकायचं होतं. आणि ते आलं, खणखणीत, तक्रार केल्यासारखं. पुतळी भिंतीला टेकून खाली बसली.

बारशाला बाया जमल्या. टप्पोरं पोर बघून सगळ्या विचारू लागल्या, सुनेला काय खायला घातलंत म्हणून. धोंडुबाई पाळण्याची दोरी ओढत म्हणाली, "गणपतीच्या मातीचा परसाद गो. माजा मोदक! आमच्यात सुनांना हेच डोहाळे लागतात."

बायांनी माना डोलावल्या. एक तर विचारू लागली, "आमच्या सुनेसाठी देशील काय थोडी?"

पुतळीने नाकाला लावलेला पदर खाली घेतला. "तुज्या सुनेला माज्याकडं पाठव," ती त्या बाईला म्हणाली. "जेवायला."

इतक्यात सरूने पाळण्यातून बाळाला हळूच उचललं. तिचे काडीसारखे हात भाराने वाकले.

"आये," ती म्हणाली, "ह्यो केवढा जड हाय गो!"

पुतळीने झटकन पुढे होऊन बाळाच्या पाठीखाली हात दिला. दुसरा हात सरूच्या पाठीवर ठेवला. तिथे सगळी हाडंच लागली.