पाचवीला लागलेला डोळा
डोंगरकडा गावातल्या निम्म्या पोरांची नाळ पारुबाई सुइणीने कापलेली, आणि बाईला त्याचा ताठा होता. असावाच. अडलेली बाळंतीण मोकळी करण्यात पंचक्रोशीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सन अडतीसच्या पावसाळ्यात तिने चार दिवसांत तीन बाळंतपणं केली. पाठ टेकायला सवड नाही, तोच पाटलांच्या नातवाची पाचवी आली. त्या रात्री सटवाई येऊन लेकराच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून पाटावर कोरा कागद नि बोरू ठेवायचा आणि एका बाईने दिव्यापाशी उजाडेपर्यंत जागायचं. पाटलांकडे हे काम सुइणीचं. पहाटे पारूचा डोळा लागला. पाटलीण रुख्मिणीबाईने तिला घोरताना पाहिलं.

पंधरा दिवसांनी बाळ तापाने गेलं. विहिरीवर साऱ्या बायांदेखत रुख्मिणीबाई कडाडली, "ही भवानी निजली, सटवाई तशीच माघारी गेली. माजा नातू हिनंच खाल्ला!"

बोलावणी काही थांबली नाहीत. दुसरी सुईण होती कुठे? पण पारूची झोप गेली. जरा पापणी जड झाली की ती दचकून उठायची. आपणच लेकरू मारलं, हे तिलाही पटून बसलं होतं. दिवसा मात्र ती रुख्मिणीबाईच्या नावाने बोटं मोडायची. अशी नऊ वर्षं गेली. कुणी तिला दुष्ट म्हणेल, तर त्याने आधी नऊ रात्री जागून दाखवावं.

सत्तेचाळीसात रुख्मिणीबाईची लेक सुमन माहेरी बाळंतपणाला आली आणि अडली. बाळ पायाळू. भर दुपारी पाटलीण स्वतः पारूच्या दारात उभी राहिली.

"पारू, चल गं. पोरगी मरून राहिली माजी."

"काहून? मी तं लेकरं खाती न्हवं?"

पाटलिणीने तिचे पाय धरले. पारूने धरू दिले.

"येते. पन पाचवीला दिव्यापाशी तुमी बसायचं, पाटलीणबाई. मी न्हाई."

"व्हय, बसते."

सांजेला मायलेकरं सुखरूप सुटली. लेकीच्या उशाशी चार रात्री जागलेली पाटलीण पाचवीला दिव्यापाशी बसली, आणि कोंबडा आरवायच्या आत भिंतीला डोकं टेकून घोरायला लागली. पारू कोपऱ्यातून बघत होती. तिने हाक मारली नाही. उजाडल्यावर पाटलिणीच्या कानाशी लागून एवढंच म्हणाली, "तुमचा डोळा लागला व्हता. म्या पाह्यलं."

बाराव्या दिवशी पाटलीण पुन्हा दारात आली. डोळे लाल, चेहरा उतरलेला. रात्र रात्र ती बाळाच्या नाकाशी बोट धरून बसत होती.

"पारू, खरं सांग. लेकराला काई व्हनार न्हाई ना? मानसाला झोप येतीच की गं."

माणसाला झोप येतेच. नऊ वर्षं पारूला हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. हे बाळ ठणठणीत होतं, आणि नऊ वर्षांपूर्वीचं ते बाळ तापानेच गेलं होतं, तिच्या झोपेने नव्हे. तिला आता लख्ख कळलं. एका शब्दाने समोरच्या बाईची सुटका झाली असती.

"सटवाईला इचारा," पारू म्हणाली, तिच्या तोंडावर दार लावलं, आणि आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी ऊन माथ्यावर येईस्तोवर गाढ झोपली.