चपला घाला, गोझोला जायचंय

शुक्रवारी दुपारचं जेवण झालं, ताटं धुऊन पालथी घातली, की दत्तूभाऊ आपल्या खाटेवर मांडी घालून बसायचा आणि म्हणायचा, "चपला घाला."

आणि आम्ही घालायचो. जुबैलच्या कॅम्पातली सहा जणांची खोली, एसी घरघरतोय, बाहेर पत्र्यावर भाकरी भाजावी असं ऊन, आणि आत पाच बाप्ये आपापल्या खाटेवर चपला घालून बसलेत. का, तर गोझोचा खडक तापलेला असतो, अनवाणी चालवत नाही. मी तर एकदा कामावरचे बूट चढवले, लोखंडी टोकाचे. त्या दिवशी डोंगर चढायचा होता ना! सगळे माझ्यावर फिदीफिदी हसले. दत्तूभाऊ तेवढा हसला नाही. म्हणाला, "हसू नकात. हेकाच कळला. थंय काटे आसत." मला असला अभिमान वाटला म्हणून सांगू. असा मी शहाणा.

या माणसाच्या नादानं मी माझी नोकरी माझ्या हातानं घालवली. ती कशी, तेच सांगायला बसलोय. पण माणूस आधी बघून घ्या, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा सदा एवढा कसा येडा.

तर दत्ताराम. मालवणकडचा, खाडीकाठच्या गावचा. वय पंचेचाळीस, अंगानं वाळलेला बोंबील, आणि आवाज मात्र देवळातल्या घंटेगत. मी कोरेगावकडचा, त्याच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. माझी शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तर कंटाळले म्हणून तिथवर. तो पाइप फिटर, मी वेल्डर. प्लांटमध्ये फिटर-वेल्डरची जोडी असते. फिटर दोन पाइप समोरासमोर धरतो, मधी बारीक फट ठेवतो, चार ठिपके मारून घेतो. मग वेल्डर मास्क खाली घेतो आणि जोडतो. मास्क खाली घेतला की वेल्डर आंधळा. ठिणगी दिसते, बाकी काळोख. फट नीट आहे का नाही हे शहाणा वेल्डर आधी मोजून घेतो. दत्तूभाऊनं धरलेली फट मी दोन वर्षांत एकदाही मोजली नाही. कधी चुकलीही नाही. हे त्याच्या बाजूनं सांगून ठेवतो, पुढं सांगायला काही उरणार नाही.

गोझो म्हणजे माल्टाच्या शेजारचं एक चिमुकलं बेट, भूमध्य समुद्रात. हे मला आता सांगता येतं. तेव्हा मी समुद्रच पहिल्यांदा बघितला होता, तोही विमानातून, आणि शेजारच्याला विचारलं होतं की एवढी निळी ताडपत्री कोणी अंथरली? दत्तूभाऊ सांगायचा की सौदीला यायच्या आधी चार वर्षं तो गोझोला बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात होता. जुन्या ड्रॉइंगच्या पाठीवर त्यानं बेटाचा नकाशा काढला होता. दर शुक्रवारी तो खाटेवर पसरायचा आणि एका जागी बोट ठेवायचा. आज किल्ला. पुढच्या शुक्रवारी तांबड्या वाळूचा किनारा. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मिठागरं, खडकात कोरलेली, पाटावर चौकटी आखाव्यात तशी.

"घाई करू नको, झिला," तो मला म्हणायचा. झिला म्हणजे पोरा. "बेट ल्हान आसा, पण धावत बघणाऱ्याक कायएक दिसाचा नाय." मी खाटेवर बसल्या जागी चाल कमी करायचो. आता बोला.

एका शुक्रवारी त्यानं आम्हाला समुद्रात उभी असलेली दगडी खिडकी दाखवली. डोंगराएवढी, नुसती चौकट, आरपार पाणी. "बघलंस? त्या खिडकीतसून समुद्र दिसता, आणि समुद्रातसून खिडकी. घर कोणाचा, ता इचारूचा नाय." मिठागराजवळ एक कुत्रा त्याच्या मागं लागला होता, त्यात त्याची एक चप्पल खडकातल्या मिठात रुतून राहिली, ती म्हणे दुसऱ्या दिवशी खारवलेल्या सुरमईगत झाली होती. मी हसून हसून खाटेवरून पडलो. खरंच पडलो, कपाळाला टेंगूळ आलं. तिथली भाषासुद्धा त्यानं शिकवली. आपण इथं खुबूस म्हणतो, तिथं पावाला होब्झ म्हणतात. सूर्याला इथं शम्स, तिथं शेम्श. "मगे तुका आणखी काय व्हया? अर्धी भाषा तुका येताच."

मी बायकोला फोनवर सांगितलं, "शालन, गोझोला लोक मला परका म्हणणार नाहीत." ती म्हणाली, "आधी घरच्यांना ओळख पटू द्या. पोरगी फोटो बघून विचारते, हे कोण."

माझे वडील वारले तेव्हा प्लांटात मोठं काम निघालं होतं, कफीलानं, म्हणजे तिथल्या मालकानं, सुट्टी दिली नाही. पासपोर्ट त्याच्या कपाटात. मी पाइपांच्या सावलीत डबा न उघडता बसलो होतो. दत्तूभाऊ येऊन शेजारी टेकला. मग म्हणाला, "चल. तुका एक जागो दाखवतंय. खोलीतल्या कोणाक दाखवूक नाय."

मी म्हटलं, "भाऊ, चपला नाहीत, बूट आहेत."

"काढ. हय अनवाणीच जावचा."

आणि त्यानं मला नेलं. दोन गडग्यांमधली चिंचोळी वाट. गडगे म्हणजे दगडी कुंपणं. वाटेच्या टोकाला एक वाकडं झाड, पाण्याकडं झुकलेलं. झाडाखालून पाण्यात उतरणाऱ्या अकरा पायऱ्या. "सातवी तुटकी आसा. थंय पाय देव नको, भायल्या अंगान उतर." शेवटच्या पायरीजवळ भिंतीत एक लोखंडी कडी, होडी बांधायची, गंजून बोटाएवढी बारीक झालेली. "आता बस. पाय पाण्यात सोड. बापाशीक काय सांगूचा आसात, ता सांग. मी आयकणय नाय." तो खरंच तोंड फिरवून बसला. मी बूट काढून प्लांटच्या धुळीत पाय सोडले आणि बापाशी बोललो. रडलो. लाज वाटायचं कारण नाही, वेल्डरच्या डोळ्यातून तसंही पाणी येतच असतं.

डोळ्यांवरूनच पुढचं सगळं झालं. दर संध्याकाळी डोळ्यात मूठभर वाळू टाकल्यागत व्हायचं. कॅम्पाचा डॉक्टर म्हणाला, वेल्डिंग सोड, नाहीतर डोळे सोड. कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. फोरमन थॉमस, केरळचा, भला माणूस, त्यानं मला बोलावलं. "सदा, तेरेको चार्जहँड बनाता है. बारा आदमी संभालेगा, हाथ में वेल्डिंग टॉर्च नहीं पकड़ने का. कागज-वागज मैं सिखाएगा." चार्जहँड म्हणजे टोळीचा मुकादम. डोळे वाचले असते. थांबणार का घरी जाणार, याचा फॉर्म गुरुवारपर्यंत भरून द्यायचा होता. फॉर्म इंग्रजीत. मग मी तो कुणाकडं नेणार?

दत्तूभाऊनं फॉर्म वाचला, पुन्हा वाचला. म्हणाला, "मुकादम होतलंस. बरा आसा. आणखी दोन वर्सां कफीलाच्या खिशात."

"मग काय करू?"

"माका इचारशील तर, मी जातंय. मे म्हयन्यात. गोझोक. जुन्या मालकाचा पत्र इला हा, फिटर व्हयो, वेल्डर व्हयो. थंय उन्हाळ्यात बोटी रंगवूचा काम, वेल्डिंग कमी. डोळे सुदारतीत. आणि पासपोर्ट आपल्या खिशात, झिला. तू नि मी. पाइप खंयय गेलो तरी पाइपच."

पत्र दाखव म्हणायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आलं असतं तरी वाचणार कोण होतं? त्यानं बोट ठेवलं त्या चौकोनात मी खूण केली, खाली सही केली. सही तेवढी मला झकास येते. "तुझो नि माझो, दोनय फॉर्म मीच देतंय हाफिसात," तो म्हणाला. मी त्या दिवशी खोलीत चहा पाजला सगळ्यांना.

आठवड्यानं थॉमस प्लांटात माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "तू पागल है क्या? घर क्यों जाता है?"

"घर नहीं साब, गोझो. दत्तूभाऊ और मैं."

थॉमसनं हेल्मेट काढलं. "दत्ताराम किधर जाता है? वो तो चार्जहँड बन गया. बोला, सदा को घर का टेन्शन है, उसका जगह मेरेको दो."

मी हसलो. खरंच हसलो, मला वाटलं, थॉमस गंमत करतोय. संध्याकाळी खोलीत आलो तर दत्तूभाऊची खाट मोकळी. चार्जहँड लोकांना वेगळ्या ब्लॉकमध्ये दोघांत एक खोली असते. तो दुपारीच सामान घेऊन गेला होता. घाईत गेला असणार, कारण गादीखाली फळीवर नकाशा तसाच राहिला होता, आणि त्याच्यासोबत एक पुस्तक.

इंग्रजी पुस्तक, पण चित्रं होती. समुद्रातली खिडकी. खडकातली मिठागरं. तांबडी वाळू. किल्ला. मी थॉमसला दाखवलं. तो म्हणाला, टुरिस्ट लोकांचं पुस्तक आहे, कोणी गोरा इंजिनिअर जाताना टाकून गेला असेल. पण पानांच्या कडेला पेन्सिलीनं मराठीत लिहिलं होतं, आणि मराठी मला अक्षर लावून लावून वाचता येतं. 'शुक्रवारी हे.' 'हे नंतर.' आणि मिठागराच्या चित्राशेजारी, 'इथे कुत्र्याची गोष्ट. सदा हसेल.'

मुकादमकी गेली त्याचं एवढं वाटलं नाही. म्हणजे वाटलं, डोळे माझेच आहेत. पण ते 'सदा हसेल' वाचलं आणि कपाळावरचं जुनं टेंगूळ पुन्हा ठणकायला लागलं. माझं हसणंसुद्धा त्यानं आधी मोजून ठेवलं होतं. फट मोजावी तसं.

त्याला गाठायला त्याच्या ब्लॉकला तीनदा गेलो. तीनदाही तो आंघोळीला गेला होता. एवढा स्वच्छ माणूस मी पाहिला नाही. मग माझ्या पासपोर्टवर खुरूजचा शिक्का बसला, म्हणजे कायमचं जा. बस विमानतळाकडं निघाली तेव्हा तो गेटाजवळ लांब उभा होता, नव्या पांढऱ्या हेल्मेटात. हात वर केला नाही. मीही केला नाही.

गावी आलो आणि महिन्याभरानं पुस्तक आणि नकाशा पिशवीत घालून मालवणची गाडी धरली. शालन म्हणाली, "कशाला जाताय?" म्हटलं, "त्याच्या बायकोपुढं पुस्तक आपटतो. कळू दे तिला, नवरा कसला आहे." रस्ताभर भाषण पाठ केलं. घाटात गाडीनं हेलकावे खाल्ले, त्यात अर्धं भाषण विसरलो.

घर साधं, चिऱ्याचं. वहिनी ओटीवर आल्या. मी नाव सांगितलं, तर त्यांनी पदर सावरून आधी हात जोडले. "तुमी सदाभाव? तुमी तुमची जागा ह्येंका दिलात. ह्येंनी फोनार सांगल्यानी. देवमाणूस तुमी."

भाषणाची पहिली ओळच गेली. मी पाणी प्यालो. मग हळूच विचारलं, "वहिनी, दत्तूभाऊ आधी गोझोला होता ना? बोटीवर?"

"बोटीर?" त्या हसायला लागल्या. "अवो, ह्येंका बोट लागता. होडयेत बसले तरी ओकतत. सौदीक गेले, ताच पयला भायर."

मी पिशवीत हात घातला. पुस्तक हाताला लागलं. आत चुलीवर माझ्यासाठी चहा उकळत होता, आलं ठेचल्याचा वास येत होता. हात तसाच बाहेर काढला. म्हटलं, "जरा पाय मोकळे करून येतो."

मागच्या दारानं निघालो. दोन गडग्यांमधली चिंचोळी वाट. पुढं चाललो आणि पाय थबकले. टोकाला वाकडं झाड, पाण्याकडं झुकलेलं. खाली पायऱ्या. मी मोजत उतरलो. सातवी तुटकी होती. माझा पाय आपोआप बाहेरच्या अंगाला गेला. खाली भिंतीत कडी, गंजून बोटाएवढी. चपला काढून बसलो, पाय खाडीत सोडले.

पुस्तक उघडून पानन् पान बघितलं. तसंही ते पाठ होतं. त्यात ही जागा कुठंच नव्हती. खोलीतल्या सगळ्यांना त्यानं पुस्तकातलं बेट दाखवलं. मला एकट्याला खरं दाखवलं. आणि गळा माझाच कापला. या दोन गोष्टी मला आजवर एका पाइपात जोडता आलेल्या नाहीत, आणि मी वेल्डर आहे.

वहिनींना काही बोललो नाही. चहा पिऊन निघालो. पुस्तक परत घेऊन आलो.

आता कोरेगावात ग्रिल-गेटचं दुकान आहे माझं. डोळ्याला चष्मा आहे. कोणीही धरलेली, अगदी शालननं धरलेली फटसुद्धा मी मास्क घ्यायच्या आधी पट्टी लावून मोजतो. ती चिडते.

वर्षभरानं दुकानातल्या फोनवर लांबचा आवाज आला. घंटेसारखा आवाज, पण आता चिरलेला. "सदा." मी हातातली पट्टी खाली ठेवली. "घराक गेललंस मां? बायको म्हणाली." फोनमध्ये खरखर झाली. "खाडयेर उतारलंस? सातव्या पायरेर नीट गेलंस मां?"

आयुष्यात मी त्याच्याशी एकदाच खोटं बोललो. म्हटलं, "नाही. मी खाली गेलोच नाही."

तिकडं मागं प्लांटचा भोंगा वाजला.

"उतरूक व्हया होता, झिला," तो म्हणाला.

मी फोन ठेवला आणि मास्क खाली घेतला.