बुढ्याचे पाय

नत्थूजी परात्यानं बडग्या केला नाही, असं वर्ष पाचपावलीतल्या त्या कोष्ट्यांच्या गल्लीनं पाहिलं नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या, म्हणजे गावाची पीडा नेणाऱ्या बाईच्या पुतळ्याच्या, मागं निघायचा आणि गावाबाहेर तलावाकाठी जळायचा तो पुतळा. बांबू, तणस, रद्दी आणि गल्लीभरच्या शिव्या ठासून केलेला. कधी रेशनच्या साखरेवर, कधी नळाला न येणाऱ्या पाण्यावर. एका साली त्यानं नगरसेवकाचं पोट असं फुगवलं, की नगरसेवक स्वतः पाहायला आला आणि हसून गेला. ते हसणं नत्थूजीला झोंबलं. "ज्याचा बडग्या त्यालेच हसू येते, म्हणजे आपलं काम कच्चं," तो म्हणाला.

शहाऐंशी साली त्याला असा बडग्या सापडला, की कोणाची हसायची हिंमत होऊ नये. तो सापडला टीव्हीत.

गल्लीतला एकुलता टीव्ही ईश्वरदासच्या घरी. रविवारी सकाळी त्यावर चित्रांची एक परदेशी मालिका लागायची. बोलणं इंग्रजी, कोणाला ओ की ठो कळत नव्हतं. पण सगळं डोळ्यांपुढं होतं. दूरच्या कुठल्या ग्रहावर, वाळूखाली, हजारो वर्षांपूर्वीचं एक युद्धयंत्र पुरलेलं. ज्यांनी केलं ते मेले, ज्यांच्यावर सोडलं तेही मेले. भांडण कशाचं होतं हे सांगायला कुत्रं उरलं नाही. एक राजा हावेपोटी ते उकरतो. ते सहा पायांवर उभं राहतं, एक लाल डोळा उघडतं आणि लढाई अजून चालूच आहे असं समजून चालू लागतं. सगळ्यात आधी चिरडतं ते उकरणाऱ्यांना. गल्लीनं त्याचं नाव ठेवलं, बुढा.

बुढ्याच्या पायांचा आवाज यायचा: खट्, खटाक्. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा नत्थूजी बसल्या जागी ताठ झाला. हाच आवाज त्याच्या घराच्या भिंतीपलीकडून दिवसभर यायचा. तिथं टिनाच्या शेडमध्ये एका शेठनं पावरलूम बसवले होते. ते आले आणि गल्लीतले हातमाग एकामागून एक मुके झाले. बोलत होता तो फक्त नत्थूजीचा. त्याचा मुलगा ताराचंद त्याच शेडमध्ये कामाला जायचा.

"बाबा, मागाचा खड्डा बुजवू. तिथं एक पावरलूम बसते," ताराचंद म्हणायचा.

"माह्या बापाच्या हातचा माग हाये तो. मी मेलो की बुजव. मलेही त्यातच टाक."

"सणासुदीचं काय अभद्र बोलून राहिले!" रुख्माबाई कांडीवर सूत भरता भरता नवऱ्यावर खेकसायची.

बुढ्याचा बडग्या उभा राहिला, पण पाय हलेनात. पाय हलत नाहीत तोवर ते नुसतं मढं. नत्थूजी रात्रंदिवस त्याच विचारात. मग एका दुपारी मागावर बसला असताना त्याची नजर खड्ड्यात गेली. पायांखाली सागाच्या पावड्या. एक दाबली की दुसरी वर. बापाच्या आणि त्याच्या तळव्यांनी झिजून काळ्या, गुळगुळीत झालेल्या. अर्धं लुगडं मागावर ताणलेलं असतानाच त्यानं त्या सोडवल्या.

रुख्माबाई दारात उभी. "बडग्यातलं घरी आणत नाहीत, हे तुमीच सांगता ना दुनियेले?"

"जाळायच्या आधी काढून घेतो. पीडा काय लाकडाले चिकटते?"

"देवरावच्या बांबूले चिकटली होती ना?"

नत्थूजी चिडला. "तुले काय समजते वं!"

देवराव समोरच्या घरातला. काही वर्षांपूर्वी त्यानं जळत्या बडग्यातून एक चांगला बांबू ओढून घरी आणला होता. नत्थूजीनं साऱ्या गल्लीसमोर तो बांबू त्याच्याच खांद्यावर देऊन राखेत परत टाकायला लावला होता.

मारबतीच्या दिवशी आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. बुढा गल्लीतून निघाला. दोरी ओढली की पाय उचलायचा, आपटायचा. खट्, खटाक्. पोरं आधी नाचली, मग आयांच्या लुगड्यांमागं लपली. बायांनी त्याच्या पोटात तुटके झाडू कोंबले, आजाऱ्याच्या अंथरुणाच्या चिंध्या कोंबल्या. "इडा, पीडा घेऊन जा गे मारबत!" शेडसमोर बुढ्याचा लाल डोळा वळला, तसं शेठनं शटर खाली ओढलं. नत्थूजीचा ऊर भरून आला. या साली कोणी हसलं नव्हतं.

तलावाकाठी बुढा टेकवला. रॉकेल आलं. तेवढ्यात गर्दीतून ताराचंद घुसला आणि गुडघ्यांवर बसून पावड्यांच्या दोऱ्या सोडू लागला.

"तू काहून सोडून राहिला?" नत्थूजी चकित. "तुलेच तर माग नको होता."

"मले नको. तुमाले पाह्यजे ना, बाबा. तुमी रिकामे बसले तर मले पाहवणार नाही."

"सोड गा, सोड! कोण पाहते?" चार जण म्हणाले.

देवराव पाहत होता. हाताची घडी, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा.

नत्थूजीनं मुलाचं मनगट धरलं. "ठेव. बडग्यातलं घरी नेत नाहीत."

"बाबा, तो बांबू नव्हे! आजोबाच्या..."

"पेटवा!"

"नत्थूजी, मी काही बोललो नाही गा," देवराव हळूच म्हणाला.

"बोलला असता तर बरं झालं असतं."

दोन पिढ्यांचं तेल प्यायलेलं ते लाकूड भडकलं. दोऱ्या जळत आल्या तशी एक पावडी खाली गेली, दुसरी वर आली, आणि पेटलेल्या बुढ्यानं एक पाऊल टाकलं. माणसांकडे. गर्दी किंचाळत मागं सरली. नत्थूजी हलला नाही.

परतताना मागं वळून पाहायचं नसतं. त्यानं पाहिलं नाही.

रुख्माबाईनं त्याचे रिकामे हात पाहिले आणि कंदील पुसायला घेतला. तो अर्ध्या लुगड्यासमोर बसला, सवयीनं पाय खड्ड्यात सोडून. भिंतीपलीकडे शेठनं शटर उघडलं. खट्, खटाक्. खट्, खटाक्.

कंदील घेऊन आलेल्या रुख्माबाईनं खड्ड्यात डोकावलं आणि तिचा हात तोंडावर गेला. खाली पावड्या नव्हत्या, आणि नत्थूजीचे पाय भिंतीपलीकडच्या ठेक्यावर वर-खाली होत होते.

"अवो, पाय थांबवा!"

नत्थूजीनं तिच्याकडे मान वळवली.

"मी कुठं हालवून राहिलो वं?"