पूर्वपक्ष लिहिताना

माझी श्रद्धा पीएच.डी. करताना गेली, असं सांगितलं की लोकांना गंमत वाटते. मला वाटत नव्हती. आम्ही नगरकडचे कॅथलिक. रविवारची चर्चमधली मिस्सा चुकवणं घरात कुणाला ठाऊक नव्हतं. माझे मार्गदर्शक एक फादर होते, पुण्यात तत्त्वज्ञान शिकवत म्हातारे झालेले. जगात एवढं दुःख असताना देव आहे असं कसं म्हणायचं, हा माझा विषय. फादरांची रीत त्यांच्या परंपरेतली, कित्येक शतकांची. आधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं, तेही असं की वाचून त्यानेच 'हो, हेच' म्हणावं. आपलं उत्तर त्यानंतर. माझं ते पूर्वपक्षाचं प्रकरण त्यांनी चार वेळा परत केलं. "अगं, त्याला उपाशी ठेवून कुस्तीला उभं केलंयस तू. आधी जेवू घाल," म्हणाले.

घातलं जेवू. पाचव्या खेपेला ते इतकं खणखणीत उतरलं की मलाच पटलं. आणि उत्तराच्या प्रकरणाला हात घालायच्या आत फादर वारले.

पुढची दोन वर्षं मी मिस्सेला नुसती उभी राहायची. ओठ हलायचे, आत काही नसायचं. मला देव परत हवा होता, फार हवा होता, आणि हे सांगायचं कुणाला तेच कळत नव्हतं. फादरांवर रागही यायचा. दरीपर्यंत आणलंत आणि हात सोडलात, असं मनात म्हणायची. नवरा हिंजवडीतल्या आयटी कंपनीत. तो म्हणे, "सोड ना आता. आमच्याकडे मॅन्युअल लिहायला माणसं मिळत नाहीत." सोडणारच होते. विद्यापीठाची मुदत संपत आली होती, म्हणून झालं तेवढं तरी टाइप करून ठेवावं, असं ठरवून नारायण पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात कागद दिले.

आठवड्याने गेले तर टाइप करणाऱ्या बाई माझी वाटच पाहत होत्या. पन्नाशीच्या, मूळच्या नागपूरकडच्या. "मॅडम, तुम्ही आमच्यासारख्या बौद्ध का?" मी म्हटलं, नाही, ख्रिस्ती. त्या चकित झाल्या. "आम्ही देव मानत नाही म्हटलं की लोक ऐकायच्या आधीच समजूत घालायला लागतात. तुम्ही तर आमचं म्हणणं आमच्याहून नीट लिहिलंय. कुणी शिकवलं?"

मी फादरांचं सांगितलं, आणि सांगता सांगता रडू आलं. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हणाल्या, "देव मानायचे आणि तरी एवढं ऐकून घ्यायचे, म्हणजे त्यांना भीती वाटत नसणार."

खरंच, फादरांना कधी भीती वाटली नव्हती. त्यांना वाटायचं, खरा प्रश्न कितीही मोठा असला तरी देवाला पेलेल. मी मात्र देवाला प्रश्नापासून सांभाळायला निघाले होते, आणि जमलं नाही तेव्हा त्यालाच सोडून दिलं.

शेवटचं प्रकरण मी पुढे लिहिलं. त्यात उत्तर थोडं आहे, कबुली जास्त. त्या बाईंचे आणि फादरांचे उपकार मी रोज आठवते. पण खरं घडलं ते त्याच दुपारी, दुकानातून निघून धायरीच्या बसची वाट पाहताना. तोवर मी देवाबद्दल पानंच्या पानं लिहिली होती, त्याला काही विचारलं नव्हतं. आता ते सगळं पूर्वपक्षाचं प्रकरण मनातल्या मनात त्यालाच ऐकवलं, एक वाक्यही मवाळ न करता. दोन बस निघून गेल्या. उत्तर आलं नाही. पण दोन वर्षांनी मी त्याच्याशी बोलत होते.