मान हलवण्याची नोकरी

माझ्या नोकरीचं खरं नाव समुपदेशक. घरी मात्र तिला नंदीबैलाची नोकरी म्हणत. हे नाव माझ्या नवऱ्याने दिलं. सहा महिन्यांचा कोर्स करत होते तेव्हा मी आरशासमोर बसून मान हलवायचा सराव करायची. फार नाही, कमी नाही, समोरच्याचं वाक्य संपता संपता एकदा. तो दाढी करायला आला की मागून विचारायचा, "काय, यंदा पाऊस पडेल का?" मला हसू फुटायचं आणि सराव मोडायचा. हल्ली तो असं काही विचारत नाही, कारण पुढचं सगळं त्याला माहीत आहे.

मान हलवायला मला रोह्याच्या सिस्टरनी शिकवलं. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, सत्तरी ओलांडलेल्या. रविवारची प्रार्थना संपली की चर्चमागच्या हॉलमध्ये त्यांच्याकडे माणसं मन मोकळं करायला येतात. त्यांच्या समुपदेशनात शेवटी बायबल उघडतं, डोळे मिटतात आणि जे आपल्याने झेपत नाही ते देवाच्या हवाली होतं. मी हिंदू, त्यामुळे तो शेवटचा भाग माझ्या वाट्याला आला नाही. पहिला भाग मात्र त्यांनी घोटून घेतला. सल्ला द्यायचा नाही. "तुझ्या जागी मी असते तर" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. आपण ऐकायचं, आणि ऐकतोय हे मान हलवून दाखवायचं. मी एकदा खवचटपणे विचारलं, "आणि तुमचा देव मध्येच बोलला तर?" त्या म्हणाल्या, "तो कुठे बोलतो गं? नुसतं ऐकायची सवय त्यालाच सगळ्यांत जास्त." मला ते उत्तर फार आवडलं होतं.

बुधवारी आणि शनिवारी मी आमच्या संस्थेतर्फे त्याच हॉलमध्ये बसते. सोमवारी आणि गुरुवारी पेणला, गणपतीच्या एका कारखान्यावरच्या खोलीत. जिन्यात दोन्ही बाजूंना न रंगवलेले गणपती असतात, त्यामुळे अंग चोरून वर यावं लागतं. मे महिन्यापासून खाली रंगाचा कॉम्प्रेसर सुरू होतो. तो चालू असला की 'हं' म्हटलेलं मलाच ऐकू येत नाही. मग मान जरा जास्त हलवावी लागते.

अशाच एका गुरुवारी दुपारी ती बाई आली. खारेपाटातली, मिठागरावर काम करणारी, पन्नाशीची. मिठाने टाचा फुटलेल्या. गावातून वडखळ, तिथे गाडी बदलून पेण, असं करत आली होती. उंबऱ्यातूनच म्हणाली, "पोरीला नांदायला धाडू का नको, तेवढं सांगा. मना पाचची गाडी हाय."

मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि कोर्समधलं वाक्य ऐकवलं. "मावशी, इथे आम्ही सांगत नाही. तुम्ही बोला, मी ऐकते. तुमचं तुम्हालाच सुचेल." गिरणीत दळण घेऊन जावं आणि गिरणीवाल्याने 'इथे दळत नाही' म्हणावं, तसा तिचा चेहरा झाला. पण एवढी दोन गाड्या करून आली होती, म्हणून बोलायला लागली.

थोरली लेक रोह्याला दिलेली. जावई कंपनीत, शिफ्टमध्ये. शिफ्ट सुटली की पितो, प्यायला की मारतो. लेक तिसऱ्यांदा माहेरी आली होती आणि तिला येऊन तीन महिने झाले होते. जावई दोनदा न्यायला आला, दुसऱ्या वेळी सासूच्या पायाही पडला. घरात धाकटी लग्नाची. थोरली अशी घरात बसलेली बघून येणारी स्थळं चहा पिऊन परत जात होती. लेक म्हणत होती, आई, मला नको गो पाठवू. गाव म्हणत होतं, पाठव.

खाली कॉम्प्रेसर चालू होता. मारहाणीसाठी आमच्या फॉर्ममध्ये वेगळा तक्ता असतो. कधीपासून, कशाने, कुठे लागलं, डॉक्टरला दाखवलं का. ती ते सांगत होती तेव्हा मी खाली मान घालून ते सगळं नीट अक्षरात लिहीत होते. मग ती म्हणाली, पण तिचं घर ते, सुधारेल तो, तिकडंच नांदूदे. यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. मी वर बघितलं आणि मान हलवली. ती फिरून फिरून त्याच दोन गोष्टी सांगत राहिली आणि मीही आळीपाळीने लिहीत आणि मान हलवत राहिले.

साडेचारला ती एकदम उठली. म्हणाली, "कळलं."

"काय ठरवलंत मावशी?"

"तुमाला माहीत हाय की," ती म्हणाली.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, चांगलाच झाला. पुस्तकात म्हणतात तसं झालं होतं. समोरचा माणूस आपल्या पायांनी आपल्या निर्णयापर्यंत गेला होता. मी तिला एक छापील कागद दिला, त्यावर कायद्याची माहिती होती, पोलिसांचा नंबर होता, निराधार बायकांच्या निवाऱ्याचा पत्ता होता. तिला वाचता येत नाही हे मीच फॉर्मवर पहिल्या ओळीत लिहिलं होतं. खाली शेरा लिहिला, निर्णय स्वतः घेतला.

महिन्याभराने ती पुन्हा आली. बसली नाही. टेबलावर एक नारळ ठेवला, त्याच्या शेंडीपाशी कुंकू लावलेलं. म्हणाली, "पोर नांदते. नीट हाय." मी म्हटलं, मावशी, आम्ही काही घेत नाही. तिचा चेहरा इतका उतरला की मी नारळ उचलून पिशवीत ठेवला. तेव्हा ती हसली. तिच्या तोंडावर हसू मी तेवढं एकदाच बघितलं. संध्याकाळी मी नवऱ्याला ऐटीत सांगितलं, बघ, नंदीबैलाला नारळ मिळाला. अर्धा खवून आमटीला घातला, अर्ध्याच्या वड्या केल्या. संस्थेच्या बैठकीत ही हकीकत मी रंगवून सांगितली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नवरात्राच्या आदल्या आठवड्यात, बुधवारी, रोह्याच्या हॉलमध्ये एक मुलगी आली. हातात डॉक्टरची चिठ्ठी होती. डाव्या कानाचा पडदा फाटला आहे, बाथरूममध्ये पडले म्हणते, कृपया बोलून पाहावे. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. खुर्ची जरा वाकडी करून तिने उजवा कान माझ्याकडे केला. मी फॉर्म पुढे ओढला. माहेर कुठलं? तिने गाव सांगितलं. माझा हात थांबला, पण त्या गावच्या पुष्कळ मुली रोह्यात दिलेल्या आहेत, असं मी मनाला समजावलं.

"घरी आईला माहीत आहे का हे?"

"आईला काय सांगू? आईनंच पाठवलं," ती म्हणाली. "मी नको नको म्हणत होते. ती पेणला एका मॅडमला विचारून आली. त्या मॅडमनी पाठवायला सांगितलं."

"असं कोणी मॅडम सांगत नाही गं."

"बोलल्या नाय. आईनं विचारलं, तिकडंच नांदूदे का, तर मान हलवली. तीनदा. गणपतीच्या कारखान्यावर बसतात त्या."

मी गप्प बसले. गप्प कसं बसायचं ते मला शिकवलेलं आहेच, पण ते हे नव्हे. तिला न सांगता पुढे लिहीत जावं, असं क्षणभर मनात आलं, हेही इथे कबूल करते. मग सांगितलं. "ती मॅडम मीच."

ती रडेल, ओरडेल, उठून जाईल, असं वाटलं. तिने फक्त नीट बघितलं माझ्याकडे. मग फॉर्मकडे बघितलं. म्हणाली, "मग तुमाला सगळं माहीतच असंल. परत कशाला लिहिता?"

त्यानंतर मी नियम सोडून बोलत सुटले. तक्रार करू या, मी बरोबर येते, निवाऱ्यात जागा आहे, आजच्या आज निघ. ती उजवा कान माझ्याकडे करून शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "माहेरी जाऊन काय करू? आई परत तुमालाच विचारायला येईल." आणि गेली. जाताना डॉक्टरची चिठ्ठी टेबलावर राहिली. वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, सज्ञान बाई आहे, तिचीच इच्छा नसेल तर आपण काय करणार? हे वाक्यही मीच नव्या मुलींना शिकवत असते.

सिस्टर हॉलच्या दुसऱ्या टोकाला प्रार्थनेची पुस्तकं लावत होत्या. मी जाऊन सगळं सांगितलं, नावगाव तेवढं वगळून. त्या समोर बसल्या. मी म्हटलं, "माझ्या हातून पाप झालं ना?" त्यांची मान हलली. म्हटलं, "पण मला काय ठाऊक, ती असं समजेल?" त्यांची मान हलली. दोन्ही वेळा अगदी सारखीच हलली, आरशात मी हलवायची तशी. आणि तरी त्यातली पहिली खरी की दुसरी खरी, हे मी शोधायला लागले. बावीस वर्षं हेच काम करून मीसुद्धा एका म्हातारीच्या मानेकडे डोळे लावून बसले होते. मला संताप आला. मी म्हटलं, "मान हलवू नका हो. काहीतरी सांगा."

त्यांनी हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "प्रार्थना करू?" मी म्हटलं करा. त्यांनी डोळे मिटले, मी उघडे ठेवले. 'तुझ्या त्या लेकीला' एवढंच त्या म्हणत होत्या, कारण नाव मी सांगितलंच नव्हतं. एवढ्या मोठ्या रोह्यात देवाने तिला शोधायचं कुठे? प्रार्थना संपल्यावर मी दुसरा नियम मोडला आणि नाव-पत्ता दिला. सिस्टर दोनदा तिच्या घरी जाऊन आल्या, कान बघायच्या निमित्ताने. पहिल्यांदा सासू दोघींच्या मध्ये बसून राहिली. चहा चांगला केला होता, सिस्टर म्हणाल्या. दुसऱ्यांदा दारातूनच सांगितलं, कान बरा झाला. त्यानंतर सिस्टरच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि आता ती गल्ली त्यांना चढवत नाही.

त्याच आठवड्यात मी खारेपाटात निरोप पाठवला होता. सोमवारी ती आई पेणला आली. गणपती होऊन गेलेले, जिना रिकामा, कॉम्प्रेसर बंद. लेकीचा कान तिला कळला होता. डोळे सुजलेले होते, पण माझ्यावर रागाचा एक शब्द नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी विचारलं, "मावशी, मी कधी सांगितलं होतं पाठवा म्हणून?"

तिने समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. माझ्याकडे यायच्या आधी ती गावच्या देवळात गेली होती. गुरवाने देवाच्या अंगावर दोन कळ्या लावल्या, उजवी पडली तर धाडायची, डावी पडली तर ठेवायची. दुपार उलटली तरी एकही कळी पडली नाही. गुरव म्हणाला, देव आज बोलत नाय, दुसरीकडं विचारा. मग कोणीतरी माझं नाव सांगितलं. "तुमी म्हटलंत, आमी सांगत नाय. तवाच मना समजलं, हितं कौल बघायचा. मारतो म्हटलं तवा तुमी खाली बघितलंत. नांदूदे म्हटलं तवा मान हलवली. मी तीनदा फिरवून विचारलं. तीनदा उजवा दिलात."

इतकी वर्षं मी समजत होते की मी कौल देत नाही म्हणूनच शहाणी. देवळात निदान कळी पडली नाही.

मग मी खुर्ची पुढे ओढली, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "मावशी, आता ऐका. आता मी तोंडाने सांगते. तिला घेऊन या. आजच जाऊन आणा. मी येते बरोबर, रोह्याची गाडी आत्ता मिळेल. धाकटीचं लग्न राहिलं तर राहूदे. थोरलीला आणा."

ती ऐकत होती. मी मान ताठ ठेवली होती, जरासुद्धा हलू दिली नाही. तिने माझ्या हातातून हात हळूच सोडवून घेतले.

"तोंडानं काय, सगळेच सांगतात," ती म्हणाली. "शेजारीण सांगते, जाऊ सांगते. म्हणून तर देवाकडं जायचं. नि एकदा लागलेला कौल फिरवत नाय बाई. फिरवला तर धाकटीला भोवंल."

"मी देव नाही हो मावशी. चुकले मी. मला कळलंच नव्हतं तुम्ही काय विचारताय."

ती उठली, पदर खोचला, टेबलाच्या कडेला हात लावून कपाळाला लावला. दारापाशी थांबून माझ्याकडे वळली. आवाजात तक्रार नव्हती, मलाच धीर द्यावा तशी बोलली.

"असं कसं बाई. कौलाचा नारळ घेतलात ना तुमी."