अर्धा कोयता

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी बीडला होते. सेमिनारसाठी माझ्या वाट्याला एक कादंबरी आली. एक तरुण लेखक, त्याचा बाप आणि दोघांचं भांडण. मला त्यातल्या पात्रांवर आणि संघर्षावर बोलायचं होतं. कादंबरी मी दोन दिवसांत वाचली आणि त्या लेखकावर लई चिडले. पठ्ठ्या पन्नास पानं नुसता खिडकीत बसतो. चहा पितो, उसासे टाकतो, आणि घरात कुणी भांडं आपटलं तरी त्याची प्रतिभा दुखावते. आमच्या घरी असं कुणी बसलं असतं तर आईनं त्याच्यापुढं शेंगा फोडायला टाकल्या असत्या.

बाप मात्र सगळ्यांच्या मते खलनायक, कारण तो पोराची वही अंगणात भिरकावतो. वर्गातल्या पोरी त्याला शिव्या घालायच्या. मी बाजारातून एक गाईड आणलं होतं, त्यातही बाप म्हणजे दडपशाही. शेवटच्या प्रकरणात पोराची आई वारते. मग बाप दारात उभा राहून म्हणतो की, मी आता अर्धा कोयता, येतोस का? पोरगा उत्तर देत नाही, लिहीत बसतो. यावर गाईडवाल्यानं चांगलं अर्धं पान खर्च केलं होतं. अर्धा कोयता म्हणजे मोडलेलं हत्यार, आणि मोडलेलं हत्यार म्हणजे बापाची संपलेली सत्ता.

मी ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. आता सांगताना लाज वाटते. कारण ऊसतोडीत कोयता म्हणजे काय, हे न समजायला मी काही पुण्याहून आले नव्हते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. एकटा माणूस गेला की तो अर्धा कोयता. चौसाळ्याजवळच्या आमच्या वस्तीवर पहिलीतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण हॉस्टेलवर मी ‘आमची शेती आहे’ एवढंच सांगितलं होतं. शेती होती, खोटं नव्हतं. फक्त दिवाळीनंतर ती बघायला घरी कुणी नसायचं.

त्या वर्षी तर आईच्या कमरेचं दुखणं निघालं होतं. ती घरी राहिली आणि वडील, म्हणजे आमचे दादा, एकटेच कारखान्यावर गेले.

सेमिनारला उभी राहिले. पाच मिनिटं झकास गेली. मग ते मोडलेलं हत्यार वाचलं, तशी आमच्या सरांनी खूश होऊन मान डोलावली. भला माणूस, पण जन्म शहरात गेलेला. त्यांनी उठून फळ्यावर ‘प्रतीक’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. मला मार्क दिसायला लागले. गप राहिले असते तर भागलं असतं. पण मला फळ्याकडं बघता बघता फडाजवळच्या पाचटाच्या कोपीपुढं बसून एकटेच भाकरी थापणारे दादा दिसले. त्यांना भाकरी जमत नाही, दर वेळी चिरते. माझं डोकंच फिरलं.

“सर, हे चुकलंय,” मी म्हणाले. “अर्धा कोयता म्हणजे हत्यार न्हाई, माणूस हाय. माझे आई-वडील मिळून एक कोयता हायेत. यंदा वडील अर्धाच हायेत.”

दोन वर्षं जपलेली शुद्ध भाषा एका दमात गेली. आता सुटलेच होते, म्हणून पुढं बोलत राहिले. हा बाप हुकूम सोडत नाही, जोडी मागतोय, असं म्हणाले. आमच्याकडचे बाप पोरांना ‘चल’ म्हणतात, ‘येतोस का’ म्हणत नाहीत. एवढं वाकून विचारलेलं त्या पोराला कळत नाही, आणि म्हणे लेखक! भांडण लिहिण्यावरून नाहीच, एकटं पडण्यावरून आहे.

सरांनी फळा पुसला. मग त्यांनी मोळी कशी बांधतात तेही विचारून घेतलं. बाहेर आल्यावर माझ्याच खोलीतली केजकडची मैत्रीण कानाशी येऊन म्हणाली की, तिच्या घरीही कोयताच आहे. म्हणजे वर्षभर आम्ही दोघी एकमेकींना शेतीच्या थापा मारत होतो. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी दादांना फोन लावला आणि अख्खी कादंबरी ऐकवली. दादांनी ती मन लावून ऐकली, पण त्यांना तो बाप काही आवडला नाही. त्यानं पोराला इचारायचंच न्हवतं, म्हणाले. मला राग आला. दिवसभर मी ज्याची वकिली केली, त्यालाच हे नावं ठेवत होते.

“तुमी तर मला इचारलंच न्हाई,” मी म्हणाले. “कावून?”

पलीकडं ऊस भरायला आलेला ट्रॅक्टर धडधडत होता. मला वाटलं, त्यांना ऐकूच आलं नाही.

“इचारलं असतं,” दादा म्हणाले, “तर तू आली असतीस.”