काकूंच्या हातचं मेण

ओतारीमामा मातीचा साचा गालाला लावून बघत. जरा जरी गार लागला, तर आत ओल आहे असं समजून तो पुन्हा उन्हात ठेवत. ओल्या साच्यात तापलेलं कांसं पडलं की साचा फुटतो आणि ओतणाराही भाजतो. त्यामुळे त्यांच्या डाव्या गालावर कायम वारुळाच्या मातीचा डाग असे. तो पुसून घ्या म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

शिक्षक म्हणून मी तेलगावला गेलो, तेव्हा त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. त्यांची बायको, जिला सगळे काकू म्हणत, त्याआधीच वारली होती. मेणकाम काकूंचं आणि माती-भट्टी मामांची, अशी त्यांची वाटणी होती. काकू मेणात राळ मिसळून मूर्ती घडवायच्या. मामा तिच्यावर मातीचे थर देऊन साचा तापवायचे, मेण वितळून गेलं की त्या पोकळीत कांसं ओतायचे. काकूंमागे ते नुसत्या साध्या घंटा ओतत. तरीही कामाच्या तंद्रीत आतल्या खोलीकडे बघून "मेण दे गं" म्हणत, जरा थांबत आणि मग स्वतःच उठत. भिंतीपलीकडून ते ऐकलं की मला माझ्या खोलीत बसवत नसे.

काकूंनी घडवलेला एक मेणाचा नंदी तेवढा ओतायचा राहिला होता. परळीच्या एका घराने तो देवघरासाठी सांगितला होता. त्यांचा निरोप आला की मामा साचा वाळला नाही अशी थाप मारत. साचा केलेलाच नव्हता. नंदीच्या वशिंडावर काकूंच्या अंगठ्याचे ठसे होते. ओतायचा तर मेण जाणार, आणि ओतताना चुकलं तर हाती काहीच उरणार नाही. उन्हाळ्यात पत्रे तापले की मामा नंदीला घंगाळात बुडवून ठेवत आणि तान्ह्या पोराचं करावं तसं त्याचं पाणी बदलत.

एका वैशाखात त्यांनी मला भरदुपारी हाक मारली. घंगाळातलं पाणी कोमट झालं होतं आणि नंदीचा एक कान लोंबला होता. मी म्हटलं, मामा, तुम्हीच सरळ करा की. त्यांनी अंगठा पुढे नेला आणि मागे घेतला.

"माजं बोट लागल्यावर तिचं काय ऱ्हायलं, गुरुजी?"

घंगाळातलं पाणी बदलून ते म्हणाले, "ओततो आता. पर तुमी बसा जवळ. एकट्याच्यानं व्हायचं न्हाई."

ओतायच्या सकाळी मी शाळेला दांडी मारली. साचा तापला, मेण पातेलीत ठिबकू लागलं, तेव्हा मामांनी तोंड फिरवलं. कांसं ओतताना मात्र त्यांचा हात हलला नाही. निवल्यावर साचा फोडला. नंदी लोंबलेल्या कानासकट आला होता, ठसेही उमटले होते. मी आनंदाने बडबडत सुटलो. मामांनी नंदीकडे एकदाच पाहिलं आणि परळीला फोन लावून न्यायला या म्हणून सांगितलं.

मी चिडलोच. इतका जपलेला नंदी असा देऊन कशाला टाकायचा?

"ते कांसं माजं हाय," मामा म्हणाले. "तिनं हातानं मळलेलं हे हाय."

पातेलीतल्या मेणाचा गोळा थिजला होता. त्यांनी तो कुठेही न दाबता फडक्यात घेतला आणि मांडीवर ठेवून बसले. परळीची माणसं दारात आली तेव्हाही ते उठले नाहीत. मला म्हणाले, "नंदी तुमीच द्या, गुरुजी."